वायदंडे यांचा अतिरिक्त कार्यभार

हेमलता शेटे हिच्या अनुकंपी चेतासंस्थेकडे चौदा जूनपासून सर्जेराव वायदंडे या अनोळखी माणसाचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला. तसा आदेश रजिस्टर पोस्टानं आला. पोस्टमननं सही घेतली, पाणी मागितलं, ते पिऊन तो गेला.

आदेश एकच पान होता. श्री. वायदंडे, वय ४१, यांची अनुकंपी चेतासंस्था प्रकृतीच्या कारणास्तव मुदतपूर्व सेवानिवृत्त झाली असून सदर पद दोन महिने रिक्त आहे. तरी पुढील आदेश होईपर्यंत आपल्या चेतासंस्थेने स्वतःचे मूळ काम सांभाळून श्री. वायदंडे यांच्या हृदयाचे ठोके वाढवणे, घाम आणणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणे, यकृतातील साखर रक्तात सोडणे, प्रसंगी पचन थांबवणे आणि ते उभे राहत असताना रक्त पायांत उतरू न देणे ही कामे पाहावीत. आपल्या संस्थेवर गेली वीस वर्षे कामाचा ताण सरासरीपेक्षा कमी असल्याचे तपासणीत आढळून आले आहे. संबंधित व्यक्तीशी थेट संपर्क अपेक्षित नाही, मनाईही नाही.

ताण कमी असल्याचं वाक्य हेमलताला थोडं लागलं. पण ते खोटं नव्हतं. ती चव्वेचाळीस वर्षांची होती, गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त काढत होती, आणि तिचे ठोके मिनिटाला बासष्ट पडायचे. एका लग्नात मांडवामागच्या सिलेंडरनं पेट घेतला होता, तेव्हा तिनं ओलं पोतं टाकून तो विझवला आणि परत येऊन आपला अर्धा राहिलेला मठ्ठा प्यायला. लॅबमध्ये लोक दारातूनच विचारायचे, शेटेबाई आहेत का. नसल्या तर उद्या येतो म्हणायचे.

तिचा नवरा मल्लिकार्जुन शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानं आदेश दोनदा वाचला.

"माझ्या मावसभावाकडं एका घोडेवाल्याचा होता," तो म्हणाला. "दोन वर्षं. जत्रेच्या दिवसांत फार त्रास व्हायचा म्हणे."

"मग काय केलं त्यांनी?"

"काय करणार? जत्रेत जेवायचा नाही." त्यानं कागदाची घडी घातली. "अनुकंपी म्हणजे दुसऱ्याबरोबर थरथरणारी. नावातच आहे ते, हेमा. कधीतरी यायचाच असतो."

पहिल्या दिवशी, सोमवारी, दहा वाजून चाळीस मिनिटांनी हेमलता एका निवृत्त मास्तरांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून शीर चाचपत होती. तेवढ्यात तिच्या छातीत काहीतरी उसळलं. तोंड कोरडं पडलं. तळहातांना घाम सुटला, हातावरची लव उभी राहिली, आणि समोरची भिंत एकाएकी फार उजळ दिसायला लागली, कारण बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. तिला भीती वाटत नव्हती. भीतीचं सगळं सामान मात्र घरात येऊन पडलं होतं.

सुई शिरेच्या बाजूनं गेली. मास्तरांनी आश्चर्यानं वर पाहिलं. ते बारा वर्षं तिच्याकडे येत होते.

"परत टोचावं लागेल," ती म्हणाली.

"टोचा," मास्तर म्हणाले. "पण बाई, तुम्ही घामानं निथळताय."

"माझा नाही तो," हेमलता म्हणाली, आणि मास्तरांनी समजून मान हलवली.

आठवडाभरात तिनं वेळापत्रक मांडलं. सकाळी साडेदहा-अकराला मोठी उसळी, ती वीस मिनिटं टिकायची. दुपारी कधी दोनला, कधी साडेतीनला, पुन्हा तशीच. मधे मधे एकेकटा ठोका जोरात पडायचा. तो कशाचा हे तिला पहिले दोन दिवस कळलं नाही, मग कळलं. तो माणूस बसल्या जागेवरून उठत होता. डबा खाताना उसळी आली की पोट जिथल्या तिथं थांबायचं, आणि भाकरी संध्याकाळपर्यंत पाटा ठेवल्यासारखी आत बसून राहायची.

तिला एका जागी बसवेना. ती ट्यूब रंगांप्रमाणे लावायची, मग आकारांप्रमाणे, मग पुन्हा रंगांप्रमाणे. पुसलेला ओटा पुसायची. खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघायची आणि आपण काय बघायला आलो हे न आठवून परतायची. पुढची उसळी कधी येणार याची वाट बघणं हे उसळीपेक्षा वाईट होतं, आणि आदेशात वाट बघण्याचा उल्लेख नव्हता.

तिसऱ्या रविवारी ती एसटीनं हिंगणवाडीला गेली. आदेशावर पत्ता होता. वायदंड्यांचं घर गावाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ होतं. सर्जेराव अंगणात खाटेवर बसून एक जुना स्विच खोलत होता. काटक, सावळा, हसऱ्या तोंडाचा माणूस.

"मी हेमलता शेटे," ती म्हणाली. "तुमचा कार्यभार माझ्याकडे आहे."

सर्जेराव लगबगीनं उठला, आणि हेमलताच्या छातीत तो एकटा ठोका पडला.

"तुम्हीच व्हय त्या," सर्जेराव म्हणाला. "बसा की, ताई. सिंधू, पाणी आण. आपल्या ह्या आल्यात, ऑर्डरवाल्या." मग तो तिच्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाला, "तुमचं काम लई चांगलं हाय. दोन महिनं मी आडवाच हुतो. उठलं की डोळ्यांपुढं अंधार. उन्हात बसलो तर घाम न्हाय, अंग नुसतं तव्यावानी तापायचं. तुमच्याकडं चार्ज गेला आन् त्याच सकाळी मी मोरीपर्यंत चालत गेलो, मग थेट कामावर."

आपण एका माणसाला मोरीपर्यंत चालवलं याची हेमलताला कल्पना नव्हती.

"साडेदहा-अकराला तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

"खांबावर असतो. वायरमन हाय मी, ठेकेदाराकडं."

त्याची बायको सिंधू पाणी घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सर्जेरावनं मग आपली हकीगत सांगितली. सोळा वर्षं तो खांबावर चढत होता, आणि सोळा वर्षं, रोज, चढताना त्याचे पाय लटपटायचे. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. वायरमननं असं सांगायचं नसतं. एप्रिलमध्ये एक दिवस तो वर असतानाच आतलं सगळं बंद पडलं. लटपट थांबली, धडधड थांबली. त्याला फार बरं वाटलं. लांबपर्यंत उसाचे फड दिसत होते, ते त्यानं पहिल्यांदाच नीट बघितले. मग तो खाली आला, जमिनीवर पाय टेकला आणि कोसळला. ऑर्डर काढणाऱ्या हापिसातल्या लोकांनी तपासून सांगितलं की त्याच्या संस्थेनं सोळा वर्षांत बत्तीस वर्षांचं काम उरकलं आहे, आता ती परत येणार नाही.

"आणि आता वर गेल्यावर काय वाटतं?" हेमलतानं विचारलं.

"छातीत कायतरी चालू असतं. पण ते शेजारच्या घरात भांडी पडल्यावानी. आपल्याला उठून बघावं असं वाटत न्हाय."

"तेच तर म्हणते मी," सिंधू दारातून म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "ह्यांना आता कशाचंच काय वाटत न्हाय. पट्टा न बांधता चढत्यात. परवा डीपीवरनं लाइन बंद न करताच वर गेले."

"बंद असंल असं वाटलं," सर्जेराव म्हणाला.

"आधी असं वाटलं असतं का?"

सर्जेरावनं प्रामाणिकपणे विचार केला. "आधी तीनदा बघून आलो असतो."

सिंधू हेमलताच्या समोर येऊन बसली. "ताई, ते वर असताना तुम्हाला कळतं का, काय चाललंय ते?"

"मला फक्त धडधड कळते."

"तेवढं पुष्कळ झालं," सिंधू म्हणाली. "ती जास्त झाली की ह्यांना फोन करा. उतर म्हणा. माझं ऐकत न्हाईत, मी घाबरट हाय म्हणत्यात. तुमचं ऐकतील. भीती तर त्यांचीच हाय."

सर्जेरावला यात काही वावगं दिसलं नाही. त्यानं लगेच हेमलताचा नंबर फोनमध्ये घातला. "ताई उतर म्हणल्या की मी उतरणार," तो म्हणाला. "का म्हणून इचारणार न्हाय."

त्यानंतर हेमलताचे दिवस दुसऱ्याच घड्याळावर चालायला लागले. साडेदहाच्या सुमारास सर्जेरावचा फोन यायचा, "चढतोय, ताई." तो कानात वायर घालून वर जायचा. हेमलता एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवायची. पहिल्या दोन आठवड्यांत तिला पायऱ्या कळल्या. चढताना एकशे दहा. वर बसला की एकशे वीस. तारेला हात घालायच्या वेळी एकशे तीस, आणि मानेमागं गार. याच्या पलीकडे गेलं की ती म्हणायची, "उतरा."

जुलै-ऑगस्टमध्ये तिनं त्याला सहा वेळा उतरवलं. चार वेळा काहीच निघालं नाही. एकदा पट्ट्याची कडी झिजलेली निघाली. एकदा लाइन बंद होती, पण पलीकडच्या गिरणीवाल्यानं जनरेटर लावला होता आणि तारेत उलट बाजूनं करंट येत होता. सर्जेरावनं खाली येऊन टेस्टर लावला, मग फोनवर सांगितलं, "होता, ताई." एवढंच. त्याच्या आवाजात काही नव्हतं. हेमलता त्या वेळी लॅबच्या जिन्यात बसून राहिली होती आणि तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते.

सप्टेंबरपर्यंत तिचं वजन सहा किलोनं उतरलं. रक्तदाब एकशे अठ्ठावन्नवर शंभर. उपाशीपोटीची साखर एकशे एकवीस. तिनं स्वतःचं रक्त स्वतः काढून हे तपासलं होतं, आणि त्यालाही दोनदा टोचावं लागलं. लॅबचे मालक डॉक्टर कोठावळे यांनी आकडे बघितले आणि चष्मा काढून ठेवला.

"तुमच्या रक्तवाहिन्या दिवसभर आवळलेल्या असतात," ते म्हणाले. "हृदय एका बंद नळाशी झगडतंय. असंच चालू राहिलं तर आधी ते जाड होईल, मग मूत्रपिंडं. एका शरीरानं दोन माणसांपुरतं दचकायचं नसतं. सोडून द्या तो चार्ज."

"अर्ज करावा लागतो."

"मग करा. आणि तोवर काउंटरवर बसा. पेशंट तक्रार करत नाहीत, तुमच्याकडे बघून गप्प बसतात. पण हात काळेनिळे होताहेत त्यांचे."

हेमलता काउंटरवर बसली. रिपोर्टची पाकिटं देणं, नाव विचारणं, वय विचारणं. तिच्या जागी एक नवीन मुलगी सुई धरायला लागली. दारातून लोक विचारायचे, शेटेबाई आहेत का, आणि काउंटरवरून हेमलता म्हणायची, "आहेत. पण त्या टोचत नाहीत."

ऑक्टोबरमध्ये ती जिल्ह्याच्या कार्यालयात गेली. लोक त्याला धडधडीचं ऑफिस म्हणत. ते तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना चढून आलेल्या माणसाचं म्हणणं तिथं पहिली दहा मिनिटं ऐकून घेत नसत, त्या ठोक्यांवर आधारलेली तक्रार ग्राह्य धरली जात नसे. हेमलता बाकड्यावर दहा मिनिटं बसली. अकराव्या मिनिटाला तिला आत बोलावलं.

अधीक्षक मुजावर मॅडम पन्नाशीच्या होत्या. त्यांनी फाइल आधीच काढून ठेवली होती.

"कार्यभार सोडता येतो," त्या म्हणाल्या. "या नमुन्यात अर्ज. पर्यायी नाव द्यायचं."

"माझ्याकडे नाव नाही. मी माझ्या नवऱ्याचं देणार नाही, त्यांना दमा आहे."

"मग या खालच्या चौकटीत सही करायची. पद रिक्त राहिल्यास माझी हरकत नाही, असं."

"रिक्त राहिलं तर ते परत आडवे पडतील."

"शक्यता आहे."

"त्यांना जमिनीवरचं काम देता येणार नाही का?"

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही," मुजावर मॅडम म्हणाल्या. "आम्ही घाबरण्याची व्यवस्था पाहतो. कशाला घाबरायचं ते त्या त्या खात्याचं."

हेमलतानं अर्ज तिथंच बसून भरला. नाव, वय, मूळ ठोके, सध्याचे ठोके. खालच्या चौकटीपाशी पेन थांबलं. तिनं कागद पिशवीत घातला आणि सांगितलं की उद्या-परवा पोस्टानं पाठवते. पुढचे पाच आठवडे तो कागद पिशवीतच होता. रोज सकाळी ती चाचपून बघायची, आहे का, आणि असला की तिला राग यायचा. कुणाचा, हे तिला सांगता आलं नसतं. घरी ती मल्लिकार्जुनवर खेकसायला लागली. एकदा त्यानं खुर्ची सरकवली म्हणून ती रडली. तो शेजारी येऊन बसला आणि त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात हिंगणवाडीत सर्जेराव कुठून तरी उठला, तो ठोका मल्लिकार्जुनच्या तळव्यालाही लागला.

"उठले वाटतं," तो म्हणाला.

"हो," हेमलता म्हणाली.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी सव्वादहाला सर्जेरावचा फोन आला. चढतोय, ताई. हेमलतानं बोटं मनगटावर ठेवली. समोर रिपोर्टसाठी तीन माणसं उभी होती, त्यांना तिनं पाकिटं दिली. दहा वाजून वीस मिनिटं झाली. ठोके सत्तर. दहा पंचवीस. सत्तरच. तळहात कोरडे होते. काउंटरच्या मागे नवीन मुलीनं शेंगदाण्याची चटणी घातलेली पोळी उघडली होती. तिचा वास आला, आणि हेमलताच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे.

सकाळच्या त्या वेळी तिला पाच महिन्यांत भूक लागली नव्हती. तिनं फोन उचलला.

"चढलात का?"

"कवाच. वरच हाय. तारंला हात घालतोय."

"उतरा."

"वाढली का धडधड?"

"नाही. काहीच होत नाहीये. म्हणूनच उतरा."

पलीकडे खांबाला बूट घासल्याचा आवाज, एक, दोन, तीन, आणि शेवटी सर्जेराव म्हणाला, "उतरलो."

काही निघालं नाही. लाइन बंद होती, पट्टा घट्ट होता, हवा स्वच्छ होती. सर्जेरावनं सगळं तपासून तसं सांगितलं. त्याला कोडं पडलं होतं, पण तो नाराज नव्हता. हेमलतानं फोन ठेवला तेव्हा तिचं अंग पूर्ण शांत होतं. त्या शांत अंगाच्या आत ती दिवसभर येरझारा घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली, जिना चढली, दहा मिनिटं बसली.

"माझ्या संस्थेला खांबाची सवय झालीय," तिनं मुजावर मॅडमना सांगितलं. "आता ती त्याला दचकत नाही."

मॅडमनी नोंद केली. "ही त्रुटी नाही. नियमात याला स्थिरावणं म्हणतात. तुमचा अहवाल चांगला जाईल. रक्तदाबही उतरेल."

"पण मग तो वर असताना घाबरायचं कुणी?"

मुजावर मॅडमनी फाइलची दोन पानं मागं उलटली, मग पुढं. असा रकाना नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझ्याकडे नऊ वर्षं माझ्या अब्बांचा आहे," त्या म्हणाल्या. "ते जाऊन तीन वर्षं झाली. आदेश रद्द झालेला नाही, वरून यायला वेळ लागतो. ते सकाळी सहाला उठायचे. पावणेसहापासून मी पलंगावर बसून असते."

"आणि मग?"

"मग साडेसहा होतात." त्यांनी पेन उचललं. "तुमचं म्हणणं लेखी द्या. मी वर पाठवते."

हेमलतानं लेखी दिलं. परतीच्या बसमध्ये तिनं सर्जेरावला फोन केला आणि त्याला समजेल असं सांगितलं. यापुढे मला काही कळणार नाही. तुम्ही वर असाल, तार जिवंत असेल, आणि मी इथं पोळी खात असेन.

सर्जेरावनं सगळं ऐकून घेतलं. तो घाईनं उत्तर देणारा माणूस नव्हता.

"सोळा वर्षं मी रोज भ्यायलो, तवा जिता राहिलो," तो शेवटी म्हणाला. "मग पाच महिनं तुम्ही भ्यायला. आता कुणीच भ्यायचं न्हाय म्हणल्यावर वर जाण्यात अर्थ न्हाय, ताई. ठेकेदाराला सांगतो. गोदामात माणूस पायजे त्याला."

"तुम्हाला वाईट वाटेल का?"

"कळंल की. वाटायचं ते तुम्हालाच वाटंल."

त्या संध्याकाळी सात वाजता हेमलताला एकाएकी पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, हातपाय गार पडले. ते पाऊण तास टिकलं. ती ओट्याशी उभी राहून ते होऊ देत होती. मग ते ओसरलं. दुसऱ्या दिवशी सिंधूचा फोन आला की ठेकेदार तयार झाला, आणि हे रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

गोदामाची नोकरी पक्की व्हायला तंदुरुस्तीचा दाखला लागायचा, दाखल्याला रक्ताची तपासणी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी सर्जेराव लॅबच्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. हेमलता काउंटरवर होती. तिचा रक्तदाब एकशे चौतीसपर्यंत खाली आला होता, आणि पिशवीतल्या अर्जाची मुदत तीस नोव्हेंबरला आपोआप संपली होती.

"उपाशीपोटी आलोय," तो म्हणाला. "रक्त ताईच काढणार."

नवीन मुलीनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर कोठावळ्यांनी हेमलताकडे बघितलं. "तीन महिने झाले तुम्हाला सुई धरून," ते म्हणाले. पण त्यांनी नको म्हटलं नाही.

ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली. त्याच्या दंडाला पट्टा बांधला. शीर चांगली होती, दोरीसारखी वर आली. तिनं कापसानं जागा पुसली आणि सुईचं टोपण काढलं, आणि तिचं काळीज धडाधडा उडायला लागलं. एकशे तीस, एकशे चाळीस. खांबावर कधीच एवढं गेलं नव्हतं. जीभ टाळ्याला चिकटली. बोटांतली सुई दिसेल इतकी थरथरत होती. समोर सर्जेराव हात पुढं करून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, निवांत बसला होता.

"तुम्हाला सुईची भीती वाटते का?" हेमलतानं विचारलं.

"लहानपणी लई वाटायची. शाळंत लस द्यायला आलं की मी कौलांवर जाऊन बसायचो." त्यानं तिच्या हाताकडे बघितलं. "आजून वाटते व्हय?"

"वाटते."

"लई?"

"बरीच."

सर्जेरावला जरा ओशाळल्यासारखं झालं. "माफ करा, ताई. मला काय पत्ता न्हाय. थांबायचं का थोडं?"

"नको," हेमलता म्हणाली. "थांबलं की वाढते. तुम्ही बोलत राहा."

तो बोलत राहिला. गोदामात वायरची भेंडोळी कशी लावलीत, इन्सुलेटर किती नाजूक असतात, एका कोपऱ्यात मांजरीनं पिल्लं घातलीत आणि ठेकेदार त्यांना हलवू देत नाही. हेमलता ऐकत होती. घाम तिच्या भुवयांवरून खाली येत होता. त्यात त्याचा किती आणि तिचा स्वतःचा किती, हे वेगळं करायची तिनं खटपट केली नाही. तिनं मनगट त्याच्या मनगटाला टेकवलं, म्हणजे थरथर दोघांची मिळून एकच झाली, आणि सुई सरळ आत सरकवली.

एकदाच. ट्यूबमध्ये रक्त भरत आलं. नवीन मुलगी मागून बघत होती. हेमलतानं पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबून त्याचा हात कोपरात दुमडला, आणि ट्यूबवर त्याचं नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

"झालं?" सर्जेराव म्हणाला. "मग आता समोर जाऊन च्या पिऊ का?"

हेमलतानं पोटावर हात ठेवला आणि थोडा वेळ लक्ष दिलं.

"पाच मिनिटं थांबा," ती म्हणाली. "आपलं पोट अजून सुरू झालेलं नाही."

सर्जेराव बाकड्यावर सरकून बसला, आणि ती पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला उठली.